गोल झाला न्हाय

द्वारकाबाईंनी यंदाच्या चातुर्मासात खोटं न बोलण्याचा नेम धरला, तेव्हा सगळ्यांत आधी हसले ते त्यांचे यजमान, सावळाराम.

"मीठ सोड, पानावर जेव, एकवेळ जेव. हे कसलं काढलंस? शेजारणीनं इचारलं, भाजी कशी झालीया, तर काय सांगशील?"

"खारट झाली आसंल तर खारट सांगीन."

"मग वाटी यायची बंद."

"होऊ द्या बंद."

द्वारकाबाईंचा आवाज मुळातच बारीक. गोठ्यात म्हशीला हाक मारतानाही त्या कुणी झोपलेलं असावं तशा बोलत. पण धरलेला नेम त्यांनी आजवर एकदाही मोडला नव्हता, आणि या नेमाला कारण होतं.

त्यांची लेक वृषाली फुटबॉलची गोलकीपर. हौसेखातर खेळणारी नव्हे. करार करून, पगार घेऊन, परराज्यातल्या क्लबांकडून खेळणारी. गेल्या मोसमात भर पावसातल्या एका सामन्यात साधा सरपटत आलेला चेंडू तिच्या हातातून निसटला आणि दोन पायांमधून जाळीत गेला. तेवढा तुकडा कुणीतरी कापून फोनवर टाकला आणि दोन दिवसांत तो कोऱ्हाळ्याच्या अलीकडच्या त्यांच्या वस्तीवर घरोघर पोचला. अकरा वर्षांत तिनं अडवलेले चेंडू ज्यांनी कधी विचारले नाहीत, त्यांनी हा एक चेंडू मात्र चवीनं विचारला. डेअरीत कॅन ठेवताना, देवळात वात लावताना, "द्वारकाबाई, पोरीनं गोल खाल्ला म्हनं?" द्वारकाबाईंना ते सोसेना. त्या म्हणाल्या, "ताप हुता तिला. एकशे तीन." एकदा म्हणाल्या, मग दहादा म्हणाल्या.

वृषाली उन्हाळ्यात घरी आली तर जो तो तिला तापाचं विचारू लागला. तिनं चुलीपाशी बसून आईला एवढंच म्हटलं, "आई, मला ताप नव्हता. बॉल ओला होता, सुटला. माझ्या हातनं सुटला ना, मग तो माझा आहे. तू कशाला झाकतेस?"

ते द्वारकाबाईंच्या काळजात रुतून बसलं. देवशयनी एकादशीला त्यांनी हातावर पाणी सोडून हा नेम धरला.

वृषालीच्या हातांची गोष्टही सांगायला हवी. वृषाली अकरा वर्षांची असताना सावळाराम कलिंगडं भरणाऱ्या टोळीत होते. भिगवणच्या पुढं, इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याकाठी कलिंगडांचे फड. फडापासून ट्रकपर्यंत माणसांची रांग, आणि या हातातून त्या हातात फळ फेकत न्यायचं. एक दिवस माणूस कमी पडला म्हणून सुट्टीत बरोबर आलेली पोर रांगेत उभी केली. सावळारामांनी तिला एकच गोष्ट शिकवली: "फळाला सामोरं धावायचं न्हाय. ते येतंय तसे हात मागं न्यायचे, पोटाशी. न्हायतर फुटतंय." त्या अख्ख्या मोसमात तिच्या हातून दोन फळं फुटली. दोनच. पुढं शाळेत खेळाच्या मास्तरांना मुलींच्या संघात गोलमध्ये उभी राहायला कुणी मिळेना. सगळ्या चेंडू आला की तोंड फिरवायच्या. ही फिरवेना.

चौदाव्या वर्षी पुण्याचं वसतिगृह, सतराव्या वर्षी राज्याचा संघ, मग गोवा, मग तमिळनाडू, मग ओडिशा. एक क्लब तर मोसमाच्या मध्यातच बंद पडला आणि पोरींना ते फोनवरच्या दोन ओळींत कळलं. डाव्या हाताची करंगळी मोडून वाकडी जुळली. भारताच्या शिबिरात दोनदा बोलावणं आलं. भारताचा शर्ट घालून मैदानात मात्र एकदाच, शेवटची अकरा मिनिटं. त्या अकरा मिनिटांची बातमी तालुक्याच्या पेपरात चार ओळींचीसुद्धा आली नव्हती.

यंदा दोन मोसमांच्या मधे तिला सात आठवडे मोकळे मिळाले. गणपती उठल्यावर ती घरी आली आणि आठव्या दिवशी शाळेच्या मैदानावर चौदा पोरी जमवून उभी राहिली. रोज सकाळी सहा ते साडेसात. त्यातली छकुली, तेरा वर्षांची, गोलमध्ये अशी झेपावायची की वृषाली घरी येऊन आईला दोन-दोनदा सांगायची. कार्तिकात पुण्याला जिल्ह्याची निवड होती. तोवर रोज सराव झाला तर चौदांतल्या तीन-चार तरी लागतील, असा तिचा हिशेब.

मैदानाला भिंत होती, भिंतीला फाटक होतं, आणि फाटकाची किल्ली शाळा समितीचे अध्यक्ष इंद्रजितराव यांच्या घरी खिळ्याला अडकवलेली असायची. सगळं त्या किल्लीवर होतं.

दसऱ्यानंतर इंद्रजितरावांचा वाढदिवस. त्या दिवशी मैदानावर पुरुषांच्या फुटबॉल स्पर्धेचं उद्घाटन ठरलं. पोरींचाही एक सामना ठेवू, इंदापूरचा संघ बोलावू, असं त्यांनी स्वतः वृषालीला सांगितलं. पोरी आनंदानं वेड्या झाल्या. छकुलीनं मोजे दोनदा धुतले.

आदल्या दिवशी दुपारी इंद्रजितरावांच्या मातोश्री कुशाबाई शेपूची जुडी घेऊन द्वारकाबाईंकडे आल्या. ओट्यावर टेकल्या. पाणी प्याल्या. सुनेची तक्रार झाली, गुडघ्याची झाली, आणि मग म्हणाल्या, "द्वारके, उद्या उद्घाटनाला आमचा इंद्रजित पेनल्टी मारणार हाय. गोलमधी तुझी वृषाली. तालुक्याची समदी मानसं येनार. तवा पोरीला तेवढं सांग."

"काय सांगू मावशी?"

"आता तुला काय इस्कटून सांगू? चेंडू उजवीकडं आला तर तिनं डावीकडं पडायचं."

"म्हंजी मुद्दाम सोडायचा?"

"सोडायचा न्हाय गं बाई, जाऊ द्यायचा. वाढदिवस हाय त्येचा. ह्यात काय खोटं हाय? ख्योळ तर हाय!" आणि उठता उठता, जुडी पुढं सरकवत, "पोरींना ग्राउंड त्येनंच दिलंय, ध्यानात ठेव."

संध्याकाळी द्वारकाबाईंनी लेकीला सगळं जसंच्या तसं सांगितलं, शेपूसकट.

"आणि तुझं काय म्हणणं?" वृषालीनं विचारलं.

नेम नसता तर द्वारकाबाई म्हणाल्या असत्या, तुझ्या मनाला येईल ते कर. ते सोपं होतं आणि चांगलंही दिसलं असतं. पण ते खरं नव्हतं.

"मला भ्या वाटतंय," त्या म्हणाल्या. "पोरींचं मैदान जाईल. सोड एक चेंडू."

सावळाराम लगेच म्हणाले, "आयकलं का? खरं बोलनारी बाई बोलतीया. एका गोलनं काय झिजतंय?"

वृषालीनं वाकडी करंगळी दुसऱ्या हातानं चोळली. मग म्हणाली, "बरं. सोडते."

दुसऱ्या दिवशी पोरींना बारा वाजता बोलावलं होतं आणि सामना होता चारला. पिवळे शर्ट घालून पोरी आल्या तशा त्यांच्या हातात फुलांची तबकं दिली. पाहुण्यांच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी उभं राहायचं. बूट घातलेल्या, केस घट्ट बांधलेल्या, खेळायला आलेल्या पोरी तीन तास उन्हात पाकळ्या उधळत उभ्या राहिल्या. शाळेच्या संडासाला कुलूप होतं. किल्ली कुणाकडं, कुणालाच माहीत नव्हतं. द्वारकाबाई बायकांच्या सतरंजीवर बसून बघत होत्या. फ्लेक्सवर इंद्रजितरावांचा फोटो दारापेक्षा मोठा होता. वृषालीचा फोटो खाली कोपऱ्यात, मंडप आणि जेवणवाल्याच्या जाहिरातीला लागून.

चारला भाषणं सुरू झाली. पाचला तात्याबांनी माइक हातात घेतला. तात्याबा म्हणजे पंचक्रोशीतला बोलका माणूस. लग्न असो, बैलांचा बाजार असो, माइक त्यांचाच.

"आता आपले लाडके इंद्रजितभाऊ पेनल्टी मारणार! समोर आहे राष्ट्रीय खेळाडू, आपल्याच मातीची लेक! बघू या, भाऊ पावरफुल का पोरगी पावरफुल!"

इंद्रजितराव पांढऱ्या कपड्यांत, नव्या बुटांत पुढं आले. वृषाली गोलमध्ये उभी होती. द्वारकाबाईंनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या, लेकीच्या हातून चेंडू सुटू दे, असं मागत होत्या, आणि मागताना त्यांची त्यांनाच लाज वाटत होती.

चेंडू आला. काय आला म्हणायचं? भाकरीच्या तुकड्यामागं कोंबडी यावी तसा ठुमकत आला. वृषाली ठरल्याप्रमाणं डावीकडं झुकली. झुकली खरी, पण हात उजवीकडं गेले आणि चेंडू पोटाशी आला. तिलाच कळलं नाही कधी. ती हातातल्या चेंडूकडं अशी बघत राहिली, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

मग पोरींच्या रांगेतून छकुलीनं तबक खाली टाकून टाळ्या पिटल्या. एकटीनंच.

"भाऊंचा बूट घसरला!" तात्याबा ओरडले. "नवा बूट हाय मंडळी! हा धरायचा न्हाय. पुन्यांदा!"

पुन्हा चेंडू ठेवला. इंद्रजितरावांनी या वेळी चिडून पाय मारला. चेंडू गोलच्या वरून, भिंतीवरून पलीकडच्या उसात गेला. तो शोधून आणेपर्यंत तात्याबांनी वाऱ्याला दोष दिला. वारा कुठं होता? फ्लेक्ससुद्धा हलत नव्हता.

तिसऱ्या वेळी चेंडू सहा पावलं पुढं ठेवला. स्टेजवर खेळाचे जाणते म्हणवणारे चारजण बसले होते. ते नारळाकडं बघत राहिले. वृषालीनं एकदा सतरंजीकडं, आईकडं पाहिलं. द्वारकाबाईंनी मान हलवली. सोड, अशी नव्हे. आदल्या संध्याकाळी आपण लेकीला काय करायला सांगितलं, ते आत्ता त्यांना धडधडीत दिसलं होतं, आणि त्या मान हलवून नको म्हणत होत्या.

चेंडू जोरात आला. वृषालीनं तो एका मुठीनं बाहेर फेकला.

आता मात्र इंद्रजितरावांचा चेहरा बदलला. त्यांचा फोटोवाला धावत वृषालीपाशी गेला. "मॅडम, जरा बाजूला व्हा ना. भाऊंचा सिंगल फोटो घ्यायचाय."

"बाजूला म्हणजे?"

"म्हणजे खांबाच्या बाहेर. दोन मिनिटं."

तिला हाताला धरून खांबाच्या बाहेर उभं केलं. मोकळ्या गोलमध्ये इंद्रजितरावांनी चार पावलांवरून चेंडू सारला. फटाक्यांची माळ लागली. तात्याबा बेंबीच्या देठापासून ओरडले, "गोऽऽल! राष्ट्रीय गोलकीपरला चकवून आपल्या भाऊंनी गोल केला!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! ज्यांनी आत्ता डोळ्यांनी पाहिलं त्यांनीच वाजवल्या. द्वारकाबाईंच्या शेजारची बाईही वाजवत होती, वाजवता वाजवता त्यांना म्हणाली, "चालायचंच." द्वारकाबाईंचे हात मांडीवर तसेच राहिले. अकरा वर्षं पोर कुठं कुठं मातीत पडली, कोपरं सोलून घेतली, परक्या गावात आजारपणं काढली. आणि गावानं तिला बोलावून खांबाच्या बाहेर उभं केलं.

त्यातच तात्याबांनी जाहीर केलं की उजेड कमी होत असल्यामुळं मुलींचा सामना होणार नाही. मुलींनी मनाला लावून घेऊ नये, त्यांच्यासाठी वडापावची सोय केली आहे. पुरुषांच्या सामन्याला मात्र दिवे होते. इंदापूरच्या पोरी आपल्या पिशव्या उचलून टेम्पोकडं निघाल्या. छकुली रडत नव्हती. बुटाची नाडी ओढून ओढून सोडत होती.

"आता खेळाडूच्या मातोश्रींचा सत्कार!"

द्वारकाबाईंना स्टेजवर नेलं. शाल, नारळ. तात्याबांनी माइक त्यांच्या तोंडापाशी धरला. "बोला वैनी, भाऊंचा गोल बघून आई म्हणून काय वाटलं?"

आईनं हसून "आनंद वाटला" म्हणायचं, असा तो प्रश्न होता. द्वारकाबाईंनी पदर सावरला.

"गोल झाला न्हाय," त्या म्हणाल्या.

आवाज नेहमीसारखाच बारीक. पण तात्याबांनी चांगले कर्णे लावले होते.

"तीनदा मारला. येक तिनं धरला, येक उसात गेला, येक तिनं मुठीनं मारला. मग तिला बाजूला क्येलं. मोकळ्या गोलमधी तर माझी म्हैसबी गोल करंल. आन् काल कुशामावशींनी सांगितलं म्हून मी पोरीला चेंडू सोडायला सांगितलं हुतं. ते माझं चुकलं. पोरींना उन्हात उभं क्येलं आन् खेळू दिलं न्हाय, ते तुमचं चुकलं."

तात्याबांनी माइक काढून घेतला, पण उशीर झाला होता. मागच्या बाजूला उसाच्या ट्रॉलीवर बसलेली पोरं खो खो हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला चौदा पोरी फाटकापाशी आल्या तर फाटकाला नवं कुलूप. शाळेच्या शिपायानं सांगितलं, दुरुस्ती निघालीय. कसली दुरुस्ती? माहीत नाही. किती दिवस? माहीत नाही. निवड चाचणीला एकोणीस दिवस उरले होते.

"बघितलंस?" सावळाराम म्हणाले. "तुझ्या खऱ्यानं पोरींचं ग्राउंड गेलं."

द्वारकाबाईंनी मान डोलावली. ते खरंच होतं. वृषाली म्हणाली, "बाबा, तिच्यामुळं नाही. ज्यानं कुलूप लावलं त्याच्यामुळं." आणि पोरींना घेऊन कालव्याच्या कडेनं पळायला गेली. पण कालव्याच्या कडेला पळता येतं. गोलमध्ये झेपावता येत नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी धार काढून, पूजा करून द्वारकाबाई इंद्रजितरावांच्या दारी गेल्या आणि फाटकाबाहेरच्या दगडावर बसल्या. इंद्रजितराव ब्रश करत गॅलरीत आले.

"काय काम काढलं काकू?"

"मैदानाची किल्ली पायजे."

"दुरुस्ती चालू हाय."

"मी बघून आले. कुणीबी काम करत न्हाय तितं."

ते आत गेले. द्वारकाबाई बसून राहिल्या. घर रस्त्याला लागून. डेअरीला जाणारे, कारखान्याच्या पाळीला जाणारे, शाळेची पोरं, सगळे त्याच वाटेनं. पहिला थांबला तो दूधवाला. "द्वारकामावशी, हितं कशापायी बसलासा?"

आता कुणी विचारलं तर सांगणं भाग होतं. टाळायचं म्हणजे काहीतरी खोटं बोलायचं. द्वारकाबाईंनी त्याला सगळं सांगितलं. पहिला चेंडू, दुसरा चेंडू, तिसरा चेंडू, खांबाच्या बाहेर, मोकळा गोल, कुलूप. एक शब्द वाढवून नाही, एक गाळून नाही, आणि आवाज असा की ऐकायला माणसानं गाडी बंद करून जवळ यावं. दूधवाला जवळ आला. त्याच्या मागचाही आला.

सावळाराम संध्याकाळी म्हणाले, "आगं, मानसं काय म्हनतील?"

"इचारत्यात, मी सांगते. दुसरं काय करत न्हाय मी."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी भिगवणहून मासळी घेऊन येणारी बाई पाटी उतरवून मुद्दाम विचारायला थांबली. तिला ही गोष्ट कुठंतरी अर्धीच कळली होती आणि म्हशीचं वाक्य पुरतं ऐकायचं होतं. पाचव्या दिवशी शाळेची पोरं लांबूनच ओरडली, "काकू, दुसरा चेंडू कुठं गेला वो?" आणि द्वारकाबाईंनी गंभीरपणे सांगितलं, "उसात."

कुशाबाई चहाचा कप घेऊन बाहेर आल्या. "द्वारके, पुरं कर गं आता. माझ्या दारात माझ्या पोराची नाचक्की करतीस?"

"मावशी, मी कुठं काय करते? जे झालं तेच सांगते. त्यात नाचक्की आसंल तर ती मी न्हाय आनली."

"चहा तरी घे."

"किल्ली मिळाल्यावर घ्येते."

कुशाबाईंनी कप तसाच परत नेला, आणि आतून त्यांचा मुलावर चढलेला आवाज रस्त्यापर्यंत आला.

सहाव्या दिवशी सकाळी दगडाभोवती सात-आठ माणसं उभी होती. त्यात एक उसाचा ट्रॅक्टर मधेच थांबलेला. गॅलरीचं दार उघडलं. इंद्रजितरावांनी वरून किल्ली फेकली. ती द्वारकाबाईंच्या पायाशी धुळीत पडली.

"घ्या! आन् उठा हितनं!"

द्वारकाबाईंनी किल्लीकडं पाहिलं. त्यांना ती हवी होती, त्यासाठी त्या सहा दिवस बसल्या होत्या. पण त्या वाकल्या नाहीत.

"भाऊ, कुत्र्याला टाकत्यात तशी टाकू नका. शाळा पोरींची हाय, मैदान पोरींचं हाय. खाली या, हातात द्या."

ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. इंद्रजितराव गॅलरीत उभे राहिले, आत वळले, पुन्हा बाहेर आले. मग जिन्यावर पावलं वाजली. ते रस्त्यावर आले, खाली वाकले, किल्ली उचलली, लेंग्याला पुसली आणि द्वारकाबाईंच्या हातावर ठेवली.

"झालं समाधान? आता तरी लोकांना सांगत फिरायचं बंद करा."

"फिरले कुठं मी? बसूनच हुते," द्वारकाबाई म्हणाल्या. "आन् कुणी इचारलं न्हाय, तर सांगायची न्हाय."

कुशाबाई कप घेऊन दारात आल्या होत्या. द्वारकाबाईंनी तो उभ्या उभ्याच दोन घोटांत संपवला, कारण सहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि पोरी रोजच्यासारख्या मैदानाच्या फाटकापाशी उभ्या होत्या.